गादीवर बसलेलं यंत्र

आमच्या मुलखात ज्याच्या हातात पाना असतो त्याला बाशमुहंदिस म्हणतात. म्हणायला ‘मोठे इंजिनियर’, पण गॅसचं सिलिंडर बदलणारा बाशमुहंदिस, लिफ्टचं बटण बसवणारा बाशमुहंदिस, आणि चष्मा लावून एखाद्या भिंतीकडे पाच मिनिटं टक लावून उभा राहणाराही बाशमुहंदिसच. त्या हिशेबाने झगाझीग शहरातला फिक्री अब्दुल-बारी हा फार थोर बाशमुहंदिस होता. प्रत्यक्षात त्याच्यापाशी औद्योगिक शाळेचा डिप्लोमा होता, तोही दुसऱ्या खेपेला पदरात पडलेला, आणि हे तो कोणी विचारलं नसताना आपणहून सांगून टाकायचा. फिक्री म्हणजे विचार करणारा. “आईने नाव ठेवलं आणि तिथेच घरातला विचार संपला,” असं तो म्हणे.

त्याचं काम कंप मोजण्याचं. कारखान्यातली यंत्रं धडधडतात, जमीन हलते, शेजारच्या भिंती कुरकुरायला लागतात; मग कोणीतरी अर्ज करतं आणि सरकारी कार्यालयातून फिक्री येतो. मायक्रोबसमधून, मांडीवर पिवळी पेटी घेऊन. पेटीला तारेने जोडलेली एक तीन पायांची जड लोखंडी डबी असे. ती घराच्या फरशीवर ठेवायची. फरशी हलली की डबी हलते, आणि किती हलली ते पेटी कागदावर रेघ ओढून सांगते. घरासाठी हद्द ठरलेली: सेकंदाला पाच मिलिमीटर. रेघ पाचच्या खाली राहिली तर फाईल बंद, पाचच्या वर गेली तर कारखानदाराची झोप बंद. सत्तावीस वर्षं फिक्रीने नदीच्या मुखाकडच्या अख्ख्या डेल्टाची थरथर अशी मोजली होती.

आणि त्याच्या स्वतःच्या घरी काय परिस्थिती होती? न्हाणीघरातलं कपडे धुण्याचं यंत्र कपडे पिळायला लागलं की जागा सोडून चालू लागायचं. एकदा तर ते पाहुण्यांच्या स्वागताला दिवाणखान्याच्या दारापर्यंत आलं होतं. फिक्रीने त्याचा कंप मोजला, आलेख काढला, नामी अहवाल लिहिला. यंत्र चालतच राहिलं. शेवटी त्याच्या बायकोने, कवसरने, व्यवहारी तोडगा काढला. दर शुक्रवारी सकाळी पिळण्याची पाळी आली की ती मुलाच्या, हानीच्या, नावाने त्याला हाक मारायची, “अबू हानी, ये आणि बस!” मग शंभर किलोचा हा कंपतज्ज्ञ यंत्रावर चढून बसायचा आणि दहा मिनिटं थरथरत राहायचा. आयुष्यातले सगळे मोठे निर्णय आपण तिथे बसून घेतले, असं तो सांगतो, आणि ते पुढे कसे निघाले तेही त्यावरून समजून घ्या म्हणतो.

तर त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याला मीत गम्रला पाठवलं. मीत गम्र म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं गाव. अर्जदार होती उम्म इन्साफ, म्हणजे इन्साफची आई, पासष्टीची विधवा. तिच्या नवऱ्याने अकरा वर्षं इराकमध्ये विटांच्या भट्ट्यांवर राबून तीन मजली घर बांधलं होतं. एकेका खेपेला एकेक मजला. तिसरा चढला आणि तो गेला. खालच्या मजल्यावर उम्म इन्साफ, मधल्यावर मुलगी इन्साफ, तिचा नवरा आणि तीन पोरं. वरचा मजला अजून नुसत्या विटांचा. समोरच्या बाजूला, सहा हात रुंदीच्या गल्लीपलीकडे, हाज मितवल्लीचा कारखाना. तिथे वर्षभरापूर्वी नवा पॉवर प्रेस बसवला होता. तो ॲल्युमिनियमच्या तबकडीवर एकदा आदळला की पातेलं तयार. दिवसाला दोन हजार पातेली.

“दोन हजार वेळा माझ्या घराच्या मुस्काटात बसते, बाशमुहंदिस,” उम्म इन्साफ त्याला जिना चढवत म्हणाली. “आणि माझा नवरा तर कोणाला उलटून शिवीसुद्धा देत नव्हता. घरही त्याच्यावरच गेलंय, बिचारं सोसतं.”

मधल्या मजल्यावर पोरांच्या खोलीत, छतापासून खिडकीपर्यंत, बोट जाईल एवढी भेग होती. पोरांची खाट तिथून ओढून खोलीबाहेरच्या बोळात आणून ठेवली होती, आणि आता बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला तिरकं होऊन जावं लागे. फिक्रीला तर जाताच येईना. इन्साफने आणि तिच्या आईने मिळून त्याला पलीकडे ढकललं.

त्याने आपल्या पद्धतीने भेगेवर आडव्या दोन जिप्समच्या पट्ट्या लावल्या, ओल्या असतानाच त्यांवर खिळ्याने तारीख कोरली. ही आमच्याकडची जुनी रीत. जिप्समला ताणणं जमत नाही. भेग तसूभर हलली तरी पट्टी तडकते. मग त्याने खालच्या मजल्यावर, उम्म इन्साफच्या बैठकीच्या खोलीत, उघड्या फरशीवर डबी ठेवली, पेटी सुरू केली आणि सांगितलं, “दोन तास चालू राहील. तिच्या जवळ कोणी फिरू नका.”

“बोलले तर चालेल का तिच्याशी?”

“चालेल की. उत्तर देणार नाही.”

“माझा जावई पण देत नाही,” उम्म इन्साफ म्हणाली.

नियम असा होता की मोजणाऱ्याने यंत्राजवळून हलायचं नाही. फिक्रीही पंधरा मिनिटं हलला नाही. मग समोरच्या कारखान्याच्या दारातून हाज मितवल्लीने हात केला. गोल चेहरा, पुढे पोट, आणि हातात एक नवं कोरं झाकण; माणूस असा की अंगावर धावून आला तरी पंख्याने वारा घालायला आल्यासारखा वाटावा. “या, बाशमुहंदिस! माझ्याविरुद्धच आला आहात, तर माझ्याकडे घासभर खाऊन तर जा. लाच नाही हो, जेवण आहे! आज आमच्या घरून भाजलेल्या कोवळ्या गव्हाचा फरीक भरलेली कबुतरं आली आहेत.”

फिक्रीने दोनदा नको म्हटलं. आमच्याकडे दोनदा नको म्हणणं म्हणजे अजून आग्रह झालेला नाही असं कळवणं. तिसऱ्यांदा त्याने नको म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा वारा त्याच्या दिशेने आला आणि त्या वाऱ्यात तुपात परतलेल्या कबुतराचा वास होता. आधी पोटोबा. तो गेला.

कारखान्याच्या मागच्या खोलीत त्याने चार कबुतरं खाल्ली. पलीकडे प्रेस आदळत होता, आणि प्रत्येक दणक्याला ताटातला चमचा टणकन वाजत होता. हे त्याने ऐकलं. कान शाबूत होते. बाकी सगळं कबुतरात होतं. पाऊण तासाने तो ढेकर देत परत आला तेव्हा उम्म इन्साफने त्याला कापसाची एक जाड गादी दिली, निळ्या रेशमी खोळीची, आणि पुदिन्याचा चहा दिला. गादी छान ऊबदार होती. डबी फरशीवर बसली होती, पेटी रेघ ओढत होती, जग आपल्या जागी होतं.

कार्यालयात जाऊन त्याने कागद उलगडला. पहिल्या पंधरा मिनिटांत रेघ दाट आणि उंच होती. ती त्याने नेहमीप्रमाणे कापून टाकली. सुरुवातीला माणसं फिरतात, पावलांचे धक्के येतात, तो भाग धरायचा नाही, हा त्याचा स्वतःचा शोध होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. मग एक मोठा उंच काटा. त्यापुढे पाऊण तास रेघ सपाट, झोपल्यासारखी. मग पुन्हा एक काटा, आणि पुढे पुन्हा दाट. पहिल्या काट्याजवळ त्याने लिहिलं: ‘मूल धावलं.’ दुसऱ्याजवळ लिहिलं: ‘तेच मूल परत आलं.’ शेवटचा दाट भाग आपल्याच बसण्या-उठण्याचा म्हणून त्याने तोही उडवला. आपलं वजन त्याला ठाऊक होतं. उरलेल्या सपाट पाऊण तासावरून आकडा निघाला: शून्य दशांश चार. हद्द पाचची. अहवाल लिहिताना त्याने शेवटी एक वाक्यही घातलं: ‘भेगांचे कारण बांधकामातील दोष असावा.’

हे वाक्य घालायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उंटावरच्या शहाण्याला कोणी सांगावं लागत नाही.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, तो पुन्हा मीत गम्रला गेला. रविवारी नगर समितीची बैठक होती आणि तीत ही फाईल बंद व्हायची होती. बंद झालेली फाईल आमच्याकडे एकदम कयामतीच्या दिवशीच उघडते. त्याआधी नियमाप्रमाणे जिप्समच्या पट्ट्यांचा फोटो काढायचा होता, एवढंच. पण त्याचा अहवाल त्याच्या आधीच गल्लीत पोहोचला होता. मायक्रोबसमधून उतरल्याबरोबर कोपऱ्यावर तामियाचे वडे तळणाऱ्या गप्पिष्ट दुकानदाराने त्याला ओळखलं आणि हसत म्हणाला, “बाशमुहंदिस, घराला नाही ना, उम्म इन्साफलाच कंप सुटलाय म्हणे?”

उम्म इन्साफने दार उघडलं, पण ‘आत या’ म्हणाली नाही. आमच्याकडे हे शिवीपेक्षा वाईट.

“बांधकामातला दोष,” ती म्हणाली. “माझा नवरा बसऱ्याच्या उन्हात विटा वाहत होता, ते या घरासाठी. सिमेंटची प्रत्येक गोणी स्वतः उघडून बघायचा. तो मेला म्हणून त्याच्यावर घालता?”

फिक्री जिना चढला. तो बोळातली खाट ओलांडून खोलीत गेला. दोन्ही पट्ट्या दुभंगल्या होत्या. एकीवर कोरलेल्या तारखेचे दोन तुकडे झाले होते; दिवस अलीकडे, महिना पलीकडे.

“पोरांनी चेंडू मारला असेल,” तो पुटपुटला. स्वतःच्या आकड्याला वाचवायला माणूस काय काय बोलतो!

“पोरं तर तीन आठवडे या खोलीत आलेली नाहीत!” इन्साफ फणकारली.

“पण आकडा शून्य दशांश चार आहे, बाई. यंत्र खोटं बोलत नाही.”

“मग मी बोलते का खोटं?” उम्म इन्साफचा आवाज चढला. “तुझ्या त्या यंत्राचं मी काय कमी केलं, सांग? तू गेलास समोर कबुतरं हादडायला. ते बिचारं थंडगार फरशीवर एकटं. घरात आलेलं, सरकारी, लांबून आलेलं. माझ्या घरी पाहुणा फरशीवर बसतो का? मी उचललं आणि माझ्या चांगल्या गादीवर बसवलं. निळ्या. इन्साफच्या लग्नातली. आणि तू येताना दिसलास तेव्हा ते खाली ठेवलं आणि गादी तुला दिली, म्हटलं माणूस आधी. आणि त्याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली!”

फिक्री बोळात येऊन खाटेच्या कडेवर बसला. खाट कुरकुरली. मूल धावलं. तेच मूल परत आलं. आणि मधल्या पाऊण तासात डबी कापसाच्या जाड गादीवर बसून होती; घर हादरत होतं आणि कापूस ते सगळं गिळत होता. गादी ऊबदार लागली होती ती यंत्रामुळे. सत्तावीस वर्षं ज्याने यंत्राला बोलतं केलं, त्याच्याच यंत्राच्या तोंडावर एका म्हातारीने मायेने उशी दाबली होती, आणि तो समोर बसून हाडं चोखत होता. त्याला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. उम्म इन्साफला वाटलं, हा आपल्यालाच हसतोय. तिने त्याला घराबाहेर काढलं.

शुक्रवारी सकाळी फिक्री कपड्यांच्या यंत्रावर बसून थरथरत होता. कवसर समोर स्टुलावर लसूण सोलत होती.

“सांगून टाक ना मग,” ती म्हणाली. “चुकलं म्हणावं. तू चुकलास ही काय बातमी आहे?”

“ते सांगेन गं. पण नववा नियम आहे. तक्रारदाराने यंत्राला हात लावला तर त-त-तक्रार रद्द. मी खरं सांगितलं की तिचं घर गेलं. नाही सांगितलं तरी गेलं.”

“मग तिचं नाव घेऊ नकोस.”

“मग विचारतील, गादीवर ठेवलं कोणी? तू कुठे होतास? हाज मितवल्लीकडे जेवत होतास? कारखानदाराच्या ताटात? सत्तावीस वर्षांची नोकरी, कवसर. शेवटची दोन राहिलीत. लोक म्हणतील, फिक्री चार कबुतरांना विकला गेला.”

“चार?” कवसरने मान वर केली. “घरी तर म्हणालास दोन.”

कवसरने लसणाची वाटी बाजूला ठेवली. “एक विचारू? तुझी ती डबी उघड्या फरशीवर बसली तरच खरं सांगते, गादीवर बसली की खोटं. असंच ना?”

“असंच.”

“आणि तू सत्तावीस वर्षं कशावर बसलायस?”

यंत्र थांबलं. फिक्री उतरला आणि ओले कपडे गच्चीवर घेऊन गेला. वाळत घालताना त्याने आपलेच तीन मोजे खालच्या शेजाऱ्याच्या सज्जात पाडले.

रविवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबल, हिरवं कापड, पाच माणसं आणि सात चहाचे पेले. मधोमध अध्यक्ष उस्ताज अब्दुस्समीअ, हातात जपमाळ, डोळे अर्धे मिटलेले. एका बाकावर हाज मितवल्ली ऐसपैस, दुसऱ्यावर काळ्या पोशाखात उम्म इन्साफ, मांडीवर हात घट्ट धरून. कारकुनाने अहवाल वाचला. शून्य दशांश चार. अध्यक्षांनी शिक्का उचलला.

“थांबा,” फिक्री उठून म्हणाला. उठताना खुर्चीही त्याच्याबरोबर थोडी उठली. ती सोडवायला वेळ गेला. “ते मोजमाप रद्द करा. ते चुकीचं आहे.”

“यंत्र बिघडलंय?”

“यंत्र चांगलं आहे. मी बिघडलोय. मोजणी चालू असताना मी जागेवर नव्हतो.”

“मग कुठे होतात?”

“समोर. जेवत होतो.”

“कोणाकडे?”

फिक्रीने बाकाकडे बोट केलं. “हाज मितवल्लींकडे.”

उस्ताज अब्दुस्समीअ यांचे डोळे पूर्ण उघडले, आणि ते उघडतात हे पाहून कारकुनालाही आश्चर्य वाटलं. त्याने लेखणी उचलून नम्रपणे विचारलं, “काय जेवत होता, ते लिहायचं का?”

“कबुतरं,” फिक्री म्हणाला. “दोन लिहा.”

“चार!” हाज मितवल्ली बाकावरून ओरडला. “माझ्या घरचं अन्न आहे, कमी नका सांगू! पाचवंही घेत होते, मीच म्हटलं काम करायचंय!”

समितीतली पाचही माणसं हसली. आता मागे फिरणं नव्हतं. फिक्री म्हणाला, “चार लिहा. आणि तेवढ्या वेळात डबी फरशीवर नव्हती, गादीवर होती. गादीवर ठेवलेल्या डबीला भूकंपसुद्धा कळणार नाही. आणि शेवटी बांधकामातल्या दोषाचं जे वाक्य आहे, ते मी माझ्या अकलेने घातलं, म्हणजे कशाच्याही आधाराशिवाय घातलं. ते खोडा. मेलेल्या माणसावर मी आळ घेतला.”

“डबी गादीवर कोणी ठेवली?”

“यंत्र माझ्या ताब्यात होतं,” फिक्री म्हणाला. “गादीवर होतं, म्हणजे मीच ठेवलं.”

“अल्ला पाहतोय, हा खोटं बोलतो!” उम्म इन्साफ ताडकन उभी राहिली. “मी ठेवलं! याला कबुतरापुढे कुठे शुद्ध होती!”

फिक्रीने कपाळावर हात मारला. नववा नियम टेबलावरच होता. कारकुनाने बोट ठेवून तो अध्यक्षांपुढे सरकवला. आता खरोखरच सगळं संपलं, असं फिक्रीला वाटलं. आयुष्यात एकदा चांगलं खोटं बोललो आणि तेही टिकलं नाही.

“तुम्ही यंत्राला हात का लावलात, बाई?” अध्यक्षांनी विचारलं.

“म्हणजे? तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला फरशीवर बसवाल का, उस्ताज?”

उस्ताज अब्दुस्समीअ यांनी नियम वाचला. पुन्हा वाचला. मग जपमाळेचे तीन मणी सरकवून म्हणाले, “इथे लिहिलंय, तक्रारदाराने आपल्या फायद्यासाठी ढवळाढवळ केली तर. या बाईने ढवळाढवळ केली ती स्वतःच्या तोट्यासाठी. असल्या माणसासाठी सरकारने अजून नियम केलेला नाही. पुन्हा मोजा.” आणि फिक्रीकडे बघून पुढे म्हणाले, “उपाशीपोटी.”

फिक्रीला कार्यालयातून ताकीद मिळाली आणि वर्षाची पगारवाढ गेली. पण ताकदीने चिकटलं ते नाव. त्या दिवसापासून तो डेल्टाभर बाशमुहंदिस हमाम, म्हणजे कबुतर-इंजिनियर, झाला. पलीकडच्या गावातला कोणी चहावालासुद्धा त्याला बघून हाताने पंख हलवून दाखवतो. त्याला राग येत नाही. निदान हे नाव मी स्वतः कमावलंय, डिप्लोमासारखं दुसऱ्या खेपेला नाही, असं तो म्हणतो.

दुसऱ्या मोजणीला तो सकाळी आठला पोहोचला. डबी फरशीवर ठेवली आणि स्वतः तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून, उघड्या फरशीवर बसला. चार तास. नोव्हेंबरचा शेवट, फरशी बर्फगार. समोरून मिनिटाला चारदा दणका येई आणि या वेळी तो त्याच्या माकडहाडापर्यंत पोहोचत होता. पहिल्यांदाच त्याला कळलं की हे घर वर्षभर काय सहन करतंय. कागदावर न बघताच त्याला कळलं. अकरा वाजता हाज मितवल्लीने झाकलेलं ताट पाठवलं, कबुतरं होती. फिक्रीने ते न उघडता वर पोरांकडे पाठवलं. वास मात्र त्याने घेतला, हे त्याने कबूल केलंय.

उम्म इन्साफ निळी गादी घेऊन दारात उभी राहिली. “पोरा, ही तुझ्यासाठी. यंत्राला नाही देत, शप्पथ.”

“नको, उम्म इन्साफ. आज मलाही जरा खरं कळू दे.”

तिने गादी छातीशी धरली आणि तीही त्याच्यासमोर फरशीवरच बसली. आकडा निघाला सात दशांश दोन.

हाज मितवल्लीने खळखळ केली नाही. “मला काय माहीत, मला तर तो दणका आता झोप यायलाही लागतो,” म्हणाला. फिक्रीने उपाय लिहून दिला: प्रेस उचला, त्याच्याखालचा जुना पाया फोडा, नवा ओता, चहूबाजूंनी मोकळा ठेवा, आणि प्रेसच्या पायांखाली जाड रबर बसवा. महिनाभर कारखाना अर्धा बंद राहिला. गल्लीला एवढी शांतता लाभली की लोकांना झोप लागेना.

मार्चच्या सुरुवातीला फिक्री शेवटची तपासणी करायला गेला. समोर प्रेस पूर्वीसारखाच पातेली पाडत होता, पण आवाज येई तो दुरून आल्यासारखा. दार उघडून उम्म इन्साफ म्हणाली, “आत ये, कबुतरा.” जिना चढून तो बोळात आला आणि सवयीने तिरका झाला. पण तिरकं व्हायची गरजच नव्हती. बोळ मोकळा होता. खाट खोलीत परत गेली होती, भिंतीला लागून, भेगेच्या खालीच. भेग आता सिमेंटने भरली होती, वर त्याने जानेवारीत लावलेल्या दोन नव्या पट्ट्या होत्या. अखंड. दिवस आणि महिना एकाच तुकड्यावर. खाटेवर सगळ्यात धाकटं पोर तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

फिक्रीने त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही, लपवण्याइतका तो बारीक नव्हता.

खाली आल्यावर उम्म इन्साफने त्याला निळ्या गादीवर बसवलं, हाताला धरून, दाबून. “आता सांग, असं काय केलंत त्या राक्षसाचं, की तो गप्प झाला?”

“त्याच्या पायांखाली रबर घातलं. जाड. म्हणजे तो आदळतो तेव्हा दणका रबरातच जिरतो, खाली जमिनीत उतरत नाही.”

“मऊ रबर?”

“मऊ.”

“म्हणजे गादी.”

फिक्रीने चहाचा पेला खाली ठेवला. सत्तावीस वर्षं, एक डिप्लोमा, चार कबुतरं. “हो,” तो म्हणाला. “गादीच.”

“मग मी तरी काय निराळं केलं होतं रे?” उम्म इन्साफ म्हणाली. “मी तुझ्या शहाण्या यंत्राला गादी दिली म्हणून माझ्यावर फाईल झाली. तुम्ही दांडगोबाला दिलीत, तर तुम्ही बाशमुहंदिस!”

त्या शुक्रवारी कवसरने हाक मारली, “अबू हानी, ये आणि बस!” फिक्री आला, पण चढला नाही. गुडघ्यांवर बसून, कण्हत कण्हत, त्याने यंत्राचा एकेक पाय उचलला आणि प्रत्येकाखाली हाज मितवल्लीकडून आणलेला रबराचा तुकडा सरकवला. यंत्र पिळायला लागलं. जागचं हललं नाही. कवसरने कमरेवर हात ठेवून त्या यंत्राकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“एवीतेवी हेच करायचं होतं,” ती म्हणाली, “तर इतकी वर्षं मी तुला वर कशाला बसवत होते?”